माईकला नैवेद्य

झुंबरनं माईकला नैवेद्य दाखवला तेव्हा मी तिथं नव्हतो. असतो तर त्याचा हात धरला असता, असं मी पुढं बरेच दिवस सांगत फिरलो. आता खरं सांगतो. असतो तरी हसलो असतो आणि सोडून दिलं असतं.

बारामतीच्या माळावर धावपट्टी होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. विमान चालवायला शिकवणारी एक लहानशी शाळा तिथं होती. दोन विमानं, शिकवायला आप्पासाहेब, विमानांची देखभाल करायला झुंबर मिस्त्री आणि टॉवरमध्ये मी, गंगाराम लोंढे. टॉवर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. पत्र्याच्या शेडवर बांधलेली काचेची खोली, वर जायला लोखंडी जिना. हवाई दलात सतरा वर्षं रेडिओवर काढून मी गावाकडं आलो होतो आणि वडगाव निंबाळकरहून रोज मोटरसायकलवर यायचो. पोरंपोरी मला तात्या म्हणायची आणि भ्यायची. त्यांच्या भिण्याचा मला अभिमान होता. टॉवरशी कुणी हुज्जत घालत नाही, एकदा सांगितलं की पोरं ‘रॉजर’, म्हणजे ‘कळलं’, म्हणून गप्प बसतात, असं मी चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगायचो.

सत्त्याण्णव सालची खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं पान्या-पक्कडीपासून उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग विमानांनीच काय घोडं मारलं? झुंबरनं पंख्याला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग एका विमानात वाकून रेडिओच्या माईकला पंचामृताचं बोट लावलं. त्याचं म्हणणं असं, की सगळ्या हत्यारांत बोलणारं हे एकच. जे बोलतं त्याला तोंड असतं आणि तोंड असलेल्याला नैवेद्य दाखवायला लागतो. दूध, दही, तूप, मध, साखर. बोटाला उरलेलं माईकच्या बटणावर पुसलं गेलं. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो, कारण लगेच दुसऱ्या दिवशी इंदापूरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता आणि मांडवापासून जेवणापर्यंतची जबाबदारी माझ्याकडं होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर आलो. त्या विमानाचा रेडिओ तपासताना माईकवर पिवळट खपली दिसली.

“झुंबर, ह्याला जेवायला घातलंस काय रं?” मी विचारलं.

“सणासुदीचं उपाशी कसं ठेवायचं, तात्या?” तो म्हणाला.

दोघंही हसलो. रेडिओ खणखणीत वाजत होता. मी वहीत ‘ठीक’ असं लिहून सही केली.

त्या दिवशी दुपारी त्या विमानातून म्हाळसा मारकड एकटी जायची होती. बारामतीहून इंदापूर, उजनीच्या पाण्यावर वळसा आणि परत. एकटीनं एवढ्या लांब जायची तिची ती पहिलीच खेप. पोरगी इंदापूरजवळच्या मारकड वस्तीवरची. आजोबांची मेंढरं होती. वडील बिरदेवरावांनी उजनीचं पाणी आल्यावर मेंढरं विकून ऊस आणि डाळिंब लावलं. म्हाळसा बारामतीला कॉलेजात शिकली आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून इथं आली. हात इतका स्थिर की आप्पासाहेब शेजारी बसून पेपर वाचायचे. फक्त रेडिओवर ती कच्ची होती, असं माझं मत होतं. रेडिओवरचं सगळं बोलणं इंग्रजीत, तेही भराभर, आणि ते तिला झेपत नाही असं मी ठरवून टाकलं होतं. तिला एक सवय मात्र पक्की लागली होती. जे करायचं ते आधी तोंडानं मोठ्यानं बोला, हा आप्पासाहेबांचा धडा, त्यामुळं ती विमानात सतत स्वतःशी बोलायची.

चारला ती उडाली. बिरदेवराव एम-ऐंशी गाडीवरनं लेकीचं उतरणं बघायला आले होते. परक्या माणसाला वर येऊ द्यायचं नाही हा नियम, म्हणून मी त्यांना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं होतं. डोक्याला पटका, हातात भाकरीचं फडकं.

साडेचारला तिचा निरोप आला. इंदापूर दिसतंय, सगळं ठीक. मी उत्तर दिलं. पण तिचा आवाज बंद झाल्यावर रेडिओ गप्प व्हायला हवा होता, तो झाला नाही. इंजिनाची घरघर चालूच राहिली. मग तिचा आवाज आला, मराठीत.

“झालं. बोल्ले एकदाचं. चुकलं न्हाय वाटतं काय.”

“बटण सोड,” मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, मग ओरडलो. पलीकडून नुसती घरघर आणि मध्येच तिचं पुटपुटणं, “डावीकडं पाणी. किती पाणी हाय गं बाई.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बटण अडकलंय. माईकचं बटण दाबलं की विमानाचा रेडिओ बोलतो आणि सोडलं की ऐकतो. दोन्ही एकदम होत नाही. बटण दाबलेलंच राहिलं तर त्या विमानातलं सगळं आम्हाला ऐकू येणार, पण आमचं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचणार नाही. आणि तिला हे कळणारही नाही. उन्हानं विमान आतून तापलं असणार, मधसाखर पाघळून बटणाच्या फटीत उतरली असणार आणि बटण आत जाऊन तिथंच चिकटून बसलं होतं.

तरीही मी फार घाबरलो नव्हतो. रस्ता तिला माहीत होता, हवा स्वच्छ होती. मुकाट येईल, उतरेल, मग बघू, असं म्हणत होतो. तेवढ्यात आप्पासाहेबांचं विमान दुसऱ्या शिकाऊ पोराला घेऊन उतरलं आणि पट्टीच्या बरोबर मध्यावर त्याचं एक टायर फुटलं. विमान गर्रकन फिरलं, एका पंखावर कललं आणि तिथंच बसलं. दोघं धडधाकट बाहेर आले. झुंबर जॅक घेऊन ट्रॅक्टरवरनं तिकडं सुटला आणि वीस मिनिटं लागतील अशी लांबूनच हातानं खूण केली.

तोवर पाच वाजून गेले होते. वारा पश्चिमेचा, म्हणजे म्हाळसा पूर्वेकडनं येऊन सूर्याकडं तोंड करून उतरणार. ऑक्टोबरचं ऊन त्या वेळी थेट डोळ्यांत घुसतं. पांढरं विमान, त्याच्याभोवती वाकलेली तीन माणसं आणि समोर तापलेल्या डांबरावरची झळाळी. ती त्यांच्यावर येऊन आदळेपर्यंत तिला काही दिसणार नव्हतं.

खाली बिरदेवरावांना लेकीचा आवाज ऐकू गेला असावा. ते न विचारता वर आले. मी त्यांना हाकललं नाही.

“काय झालं, सायेब?”

मी दोन वाक्यांत सांगितलं.

माझ्याकडं खुणेचा दिवा होता. लाल काच लावून तो कुणावर रोखला की ‘उतरू नको’. मी तो खिडकीतून पूर्वेकडं धरला. पण दिवा बघणाऱ्यासाठी असतो. रेडिओ बिघडलाय हे ज्याला माहीत आहे तो टॉवरकडं बघतो. म्हाळसाला ते माहीत नव्हतं, त्यामुळं ती कशाला बघेल?

काटेवाडीच्या बाजूनं तिचं विमान ठिपक्याएवढं दिसू लागलं. मग तिनं रीतसर इंग्रजीत परवानगी मागितली, उतरू का? मी ओरडलो, “नको! वर जा!” ती थांबली. पाच सेकंद, दहा सेकंद. आणि मग तिचं मराठी, अगदी हळू.

“काय बोल्लेच न्हाईत. का बोल्ले आन मला आलं न्हाय ऐकू? ...पुन्ना इचारू का? नको. इचारलं की खेकसत्यात. दिलीच असंल परवानगी.”

आणि लगेच इंग्रजीत, खणखणीत, “रॉजर.”

बिरदेवरावांनी माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “तुमचं ऐकू येत न्हाय तिला. मग आता ती कशाकडं बगती?”

“म्हणजे?”

“मेंढरू लांब गेलं, हाक पोचंना, तर हाका मारून घसा फोडायचा न्हाय. त्ये कशाकडं चाललंय बगायचं आन त्येच काढून घ्यायचं. आपसूक थबकतं.”

माझ्या डोक्यात लख्ख झालं. वाऱ्याची पिशवी! पट्टीच्या कडेला खांबावर लाल-पांढरी कापडी पिशवी असते, वारा कुठून वाहतो ते दाखवणारी. ती पश्चिमेला नाही तर बाजूला, म्हणजे तिच्या डोळ्यांत ऊन न येणाऱ्या ठिकाणी होती. उतरण्याआधी म्हाळसा प्रत्येक वेळी तिच्याकडं बघायची आणि मोठ्यानं बोलायची. वारा कळल्याशिवाय उतरायचं नाही, हा धडाही आप्पासाहेबांचाच.

“बिरदेवराव, त्यो खांब दिसतोय? दोर सोडा आन पिशवी खाली घ्या. पळा.”

पन्नाशीचा माणूस, पण जिना तीन उड्यांत उतरला. खांब दीडदोनशे पावलांवर. मी खिडकीतून एकदा त्यांच्याकडं, एकदा आभाळाकडं बघत होतो. दोराची गाठ सुटेना. त्यांनी पायातली चप्पल फेकली, खांबाला पाय लावला आणि दातांनी गाठ ओढली.

“उंची बरी हाय,” रेडिओतून म्हाळसा म्हणत होती. “गती बरी हाय. ऊन लई हाय म्होरं. आता पिशवी.”

पिशवी खांबावर अर्ध्यात आली होती.

“पिशवी...” ती म्हणाली.

पिशवी जमिनीवर पडली. बिरदेवरावांनी ती दोन्ही हातांनी कवटाळली आणि तिच्यावर आडवे झाले.

“पिशवी कुठं गेली? आत्ता तर... खांब हाय आन पिशवी न्हाय.”

माझ्या हातात काहीच नव्हतं. सतरा वर्षं लोकांना हुकूम सोडले, आणि त्या क्षणी मला हुकूम सोडता येत नव्हता, फक्त ऐकता येत होतं.

“वारा कळंना. मग न्हाय उतरायचं. वर जा, म्हाळसे. वर जा.”

इंजिनाचा आवाज चढला. विमान पट्टीच्या तोंडाशी आलेलं, तिथून नाक उचलून टॉवरच्या अंगावरून निघून गेलं. काचा थरथरल्या. खाली झुंबर आणि आप्पासाहेब डोकी धरून बसले होते.

“अगं बाई,” रेडिओतून आलं. “मधी इमान पडलंय. माणसंबी हायेत. ...आन त्यो कोण पिशवी पोटाशी धरून पडलाय? आबा?”

मी एकटाच मोठ्यानं हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

आता ती विचार करू लागली होती, आणि तिचा विचार मला ऐकू येत होता. टॉवरनं अडवलं कसं नाही? म्हणजे रेडिओ गेला असणार. रेडिओ गेला की काय करायचं? “टॉवरभवती फिरायचं आन दिवा बगायचा,” असं ती म्हणाली आणि मी दिवा घेऊन जिन्याच्या कठड्यावर चढलो. लाल रोखला. उघड्या दारातून तिचा आवाज बाहेर आला.

“लाल. म्हंजी थांबायचं. थांबते की, तात्या. पेट्रोल हाय भरपूर.”

तिला वाटलं ती स्वतःशी बोलतेय. मला वाटलं आमचं दोघांचं इतकं नीट बोलणं आजवर कधी झालं नव्हतं.

पुढची पंधरा मिनिटं ती माळावर घिरट्या घालत राहिली आणि मी दिवा धरून ऐकत राहिलो. बिरदेवराव खांबापाशीच होते. त्यामुळं पुढचं त्यांनी ऐकलं नाही, ते एक बरं झालं.

“कवा गेला असंल रेडिओ?” ती म्हणत होती. “इंदापुरापास्नंच गेला असंल. आन मी आपली रॉजर म्हणत बसले. सवयच लागलीया. दोन महिन्यांमागं एकदा ‘से अगेन’ म्हणले तर तात्या म्हणले, कान घरी ठिवून आलीस काय. समदी हसली. तवापास्नं न्हाय इचारत मी. ऐकू येऊ, न येऊ, रॉजर म्हणायचं आन आप्पासायबांच्या तोंडाकडं बगायचं.” मग, “आज एकटीच हुते तर तोंड बगायला कोण न्हवतं.”

ते वाक्य मी केव्हा बोललो होतो, मला आठवेना. कान घरी ठेवून आलीस काय, हे मी रोजच कुणाला ना कुणाला म्हणायचो. मला लाज वाटली. बटण झुंबरच्या पंचामृतानं अडकलं होतं, ते एक दिवसाचं. माझ्यामुळं ही पोर दोन महिने न ऐकता आभाळात फिरत होती आणि मी मिशीला पीळ देत होतो.

अखेर ट्रॅक्टरनं विमान पट्टीबाहेर ओढलं. मी काच बदलून हिरवा दिवा दाखवला आणि बिरदेवरावांना हातानं खूण केली. त्यांनी पिशवी वर चढवली.

“हिरवा. आन पिशवीबी आली,” म्हाळसा म्हणाली. “पच्चिमेचा वारा.”

ती उतरली. इतकी अलगद, की चाकं टेकल्याचं मला आवाजावरून नव्हे, तिच्या बोलण्यावरून कळलं. “टेकलं. आबा, टेकलं बगा.”

मी खाली पळत जाऊन बिरदेवरावांना आधी हेच सांगितलं. विमान टेकल्या टेकल्या पोरीनं तुमचं नाव घेतलं. त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. त्यांचा ओठ दोरानं सोलला होता.

झुंबरनं माईक खोलला, आतलं चिकट बघितलं, बोट नाकाला लावून वास घेतला आणि रॉकेलचा डबा आणायला गेला.

म्हाळसा जिना चढून वर आली, मान खाली घालून. शिव्या खायची तयारी करूनच आली होती.

“तात्या, रेडिओ गेला हुता. मला लौकर कळलंच न्हाय.”

“रेडिओ गेला नव्हता. बटण अडकलं होतं. तुझं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.”

तिनं मान वर केली. “समदं?”

“सगळं.”

“खेकसत्यात म्हणले, त्येबी?”

“तेही. कानाचं म्हणालीस तेही.”

ती लाल झाली. दारात बिरदेवराव येऊन उभे होते. मी विचारलं, “ह्या दोन महिन्यांत, न ऐकता ‘रॉजर’ किती वेळा म्हणालीस?”

तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. एक हात संपला, दुसऱ्या हातावर गेली, तेव्हा मीच तिला थांबवलं.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. हे शब्द तोंडातून काढायला मला जड गेले, पण काढले. “उद्यापासून ऐकू आलं नाही तर विचारायचं. दहा वेळा विचारायचं. मी खेकसलो तरी विचारायचं.”

“आन तुमी खेकसूच नका की, सायेब,” बिरदेवराव शांतपणे म्हणाले. “लेकरू वर असतंय.”

त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि आम्ही तिघांनी तिथंच, नियम मोडून, टॉवरमध्ये बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसा पुन्हा एकटी जायची होती. विमान पट्टीच्या टोकाशी उभं राहिलं. मी वारा किती, कुठून, कुठं वळायचं, सगळं सांगितलं, माझ्या नेहमीच्या भराभर चालीत.

पलीकडून, “टॉवर, से अगेन.”

जिभेवर आलं होतं, ते गिळलं. सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश.

“टॉवर, से अगेन.”

शेडमध्ये हसण्याचा आवाज झाला. मी तिसऱ्यांदा सांगितलं, एकेक आकडा सुटा करून, अगदी गोड आवाजात. आप्पासाहेब जिन्यावरून डोकावून बघून गेले, मी आजारी तर नाही ना म्हणून.

या वेळी तिनं नुसतं ‘रॉजर’ म्हटलं नाही. सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं आणि मग निघाली.

दुपारी उतरल्यावर मी तिला खाली गाठलं. “काय गं, आवाज खरखरत होता का? झुंबरला पुन्हा रेडिओ उघडायला सांगू?”

“नको, तात्या. पयल्याच येळंला समदं निट ऐकू आलं हुतं.”

“मग तीनदा कशाला विचारलंस?”

“बगत हुते,” ती म्हणाली, आणि डोक्यावरची ओढणी नीट करत चहाच्या टपरीकडं गेली.